भरिताची घट

पितांबर सुरवाडे, म्हणजे कॉलनीचे आबा, वांग्यांवर नंबर टाकत होते. सकाळचे सात वाजले होते, ओट्यावर पंचवीस किलो हिरवी वांगी पसरली होती आणि आबा मांडी घालून, एकेक वांगं फडक्याने पुसून, काळ्या मार्करने त्याच्या पोटावर आकडा लिहीत होते. एकूण वांगी त्रेसष्ट. बाजूला उघड्या वहीत तीन रकाने आखलेले होते: नंबर, वजन, शेरा. एकोणिसाव्या वांग्यापुढे 'देठ वाकडा' असा शेराही पडला होता.

झुंबरबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय चाललंय? वांग्यांची जनगणना?"

"नोंद आहे ही. भरीत सेंटरवर दहा जणांची वांगी एका जाळावर पडतात. कोणाची वांगी कोणाच्या पातेल्यात गेली, काही पुरावा असतो का?"

"आजपर्यंत कोणी तक्रार केली का?"

"तक्रार झाली नाही म्हणजे लूट झाली नाही, असं नसतं झुंबर."

झुंबरबाईंनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं ओळखलं होतं की, 'पुरावा' हा शब्द आला की बोलण्यात अर्थ राहत नाही. तरी त्या पोळपाट-लाटण्याच्या अनुभवातून एक गोष्ट सांगायला विसरल्या नाहीत.

"पंचवीस किलो वांग्यांचं पंचवीस किलो भरीत होत नसतं. फार तर पंधरा होईल."

"मग मधले दहा किलो जातात कुठं?"

"वाफेत."

"पुरावा?"

झुंबरबाई आत निघून गेल्या आणि थोड्याच वेळात मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला.

आबा चौतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होते. तिथं एक वायसर कमी भरला तरी त्यांना जेवण जायचं नाही. 'स्टोअरमध्ये घट नावाची गोष्ट नसते, चोरी नावाची असते,' हे त्यांचं वाक्य भुसावळच्या निम्म्या दुकानदारांना पाठ होतं. मिठाईच्या दुकानात ते आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावत. छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेतले म्हणून त्यांनी पाण्याच्या बाटलीसाठी तीन महिने पत्रव्यवहार केला होता. त्यात टपालखर्च एकशे चाळीस रुपये झाला, पण दोन रुपये परत मिळाले. ती नाणी त्यांनी अजून वेगळ्या डबीत ठेवली होती. आजवर सत्तावीस तक्रारी आणि सत्तावीस विजय.

याला नुसता हट्ट म्हणणं मात्र बरं नाही. आबांचे वडील सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जात. मजुरी दुसऱ्याने मोजायची, आकडा दुसऱ्याने लिहायचा आणि त्याखाली यांनी अंगठा उठवायचा, असं आयुष्य गेलं. बाप गेला तेव्हा घरात त्याच्या अंगठ्याचे बरेच कागद निघाले, पण त्यांतला एकही त्याला वाचून दाखवलेला नव्हता. तेव्हापासून आबांना लिहिलेल्या कागदाबद्दल जेवढं प्रेम होतं, तेवढं माणसांबद्दलही क्वचितच होतं.

आज चोवीस डिसेंबर, म्हणजे ग्राहक दिन. कॉलनीत आबांनीच तीन महिने खपून 'जागृत ग्राहक मंडळ' उभं केलं होतं. आज दुपारी समाजमंदिराच्या पटांगणात भरीत पार्टी होणार होती आणि जेवणानंतर मंडळाचा पहिला अध्यक्ष निवडायचा होता. दुसरं नावच कोणी घेतलं नव्हतं. आबांनी स्टोअरमध्ये बढतीची वाट बघत नोकरी काढली, ती सहायक म्हणूनच संपली. नावापुढे काहीतरी लागावं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात राहून गेली होती आणि आज दुपारी तीन वाजेपर्यंत ती पुरी व्हायची होती. नावाची पाटी करायला टाकायची की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

पार्टीही त्यांनी आपल्या पद्धतीनेच आखली होती. बाहेर माणशी दीडशे लागले असते, म्हणून काल अर्ध्या तिकिटावर एसटीने बामणोदला जाऊन वांगी थेट शेतातून आणली. हिशेब माणशी साठ रुपयांत बसवला आणि वर्गणीच्या रीतसर पावत्या दिल्या. माणसं पन्नास, वांगी पंचवीस किलो. माणशी अर्धा किलो भरीत! अशी पार्टी कॉलनीत कोणी दिली नव्हती.

आठ वाजता शेजारचे रुपचंद रिक्षा घेऊन आले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावाने भिडस्त, आणि आबांचे पहिले शिष्य. ग्राहक दिन म्हणून त्यांनी पांढराशुभ्र शर्ट इस्त्री करून घातला होता.

"आबा, एवढ्या वांग्यांना नंबर?"

"शिका रुपचंद. फुकट शिकवतोय."

यशोदाबाईंचं भरीत सेंटर यावल रस्त्याला, गावाच्या टोकाला होतं. हिवाळ्यात तिथं सकाळपासून रांग लागे. लोक आपापली वांगी पिशवीतून, पोत्यातून आणत. यशोदाबाई सगळी वांगी कपाशीच्या काड्यांच्या एकाच मोठ्या जाळावर घालत, सोलून लाकडी उखळात ठेचत आणि ज्याने जेवढी वांगी दिली त्या अंदाजाने त्याचं पातेलं भरून देत. कोणाला कमी पडलं तर रांगेतला दुसरा आपल्या पातेल्यातून एक डाव घाली. अशी ही पद्धत वर्षानुवर्षं चालली होती आणि कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. आबांना नेमकं तेच खटकत होतं.

"या आबा. कितलं शे?" यशोदाबाईंनी जाळापाशी बसल्या बसल्या किती माल आणलाय ते विचारलं. त्यांचं माहेर पारोळ्याकडचं, बोली अजून तीच. मग त्यांनी पोत्यात पाहिलं. "अय माय, वांगावर आकडा कसाले?"

"माझी वांगी वेगळी भाजायची, वेगळी ठेचायची. दुसऱ्याची यात मिसळायची नाहीत."

"बठ्ठास्ना वांगा एकच जाळवर भाजस मी. आजपावत कोनी काही बोलनं नही."

"तेच तर!" आबा रांगेकडे वळले. समोर दहा-बारा माणसं होती, जाळाची ऊब होती, आणि दिवस ग्राहक दिनाचा होता. एवढं जुळून आल्यावर आबा गप्प बसणं शक्य नव्हतं. "मंडळी, तुम्ही चांगली निवडून वांगी आणता. शेजारचा किडकी आणतो. एका उखळात गेल्यावर तुम्हाला काय मिळतं? त्याची कीड! तुमचा माल तुमच्याच पातेल्यात आला पाहिजे. हा तुमचा हक्क आहे."

रांगेत चुळबुळ झाली. प्रत्येकाने शेजारच्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांना तंबाखू देणारी माणसं आता आपापली पोती पायाशी ओढून घेऊ लागली. एक बाई म्हणाली, "आमचीबी वेगळी भाजा बरं मावशी." मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. आबांचा मार्कर रांगेतून फिरला आणि अर्ध्या तासात सेंटरवरच्या झाडून सगळ्या वांग्यांवर नंबर पडले. यशोदाबाईंना एका जाळाचे बारा जाळ करावे लागले. त्या काड्या जरा जोरातच मोडू लागल्या.

पहिला मान आबांच्या वांग्यांचा होता. यशोदाबाईंनी तेलाचा हात फिरवला, सुरी घेतली आणि एक नंबरच्या वांग्याला टोचा मारायला गेल्या.

"थांबा!" आबा ओरडले. "हे काय करताय?"

"टोचा मारी राहिनू. वाफले निघाले जागा नको का?"

आबांच्या चेहऱ्यावर चोर रंगेहाथ पकडल्याचं तेज आलं. "बघा रुपचंद! इथून जाते घट. आधी भोकं पाडायची, त्यातून रस जाऊ द्यायचा, मग म्हणायचं वजन कमी झालं. टोचा मारायचा नाही."

"टोचा नही मारा तं वांगं फुटी जाई, आबा."

"आजवर फुटलेलं पाहिलंय का?"

"टोचा मारस म्हनीसन फुटत नही ना!"

"म्हणजे पुरावा नाही." आबा समाधानाने म्हणाले.

यशोदाबाईंनी सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले. "मंग लिखी द्या."

आबांना क्षणभर भरून आलं. सत्तावीस तक्रारींत समोरच्या माणसाने आपणहून कागद मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी वहीतलं कोरं पान काळजीपूर्वक फाडलं, समास सोडला, तारीख घातली आणि लिहिलं: 'माझ्या त्रेसष्ट वांग्यांना टोचा मारू नये, ही ग्राहकाची सूचना आहे.' एवढ्यावर यशोदाबाई खूश होत्या. पण आबांना तो कागद उघडा वाटला. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: 'होणाऱ्या सर्व परिणामांची जबाबदारी ग्राहकाची राहील.' सही केली. साक्षीदार म्हणून रुपचंदांची सही घेतली. यशोदाबाईंनी कागदाची घडी कमरेच्या पिशवीत टाकली आणि वांगी जाळावर घातली.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. साली काळ्या पडू लागल्या, खमंग वास सुटला. नंबर जळून गेले, हे आबांच्या लक्षात आलं आणि ते वाकून सात नंबर शोधू लागले. सात नंबर त्यांना सापडला नाही, त्यानेच आबांना शोधलं. फाटकन आवाज झाला आणि आबांचा चष्मा भरला.

"आबा, मागं व्हा!" असं ओरडत रुपचंद पुढे झाले, तेवढ्यात आणखी चार फुटली. इस्त्रीच्या शर्टावर उजव्या बाजूने गर बसला, डावी बाजू कोरी राहिली होती तिची भरपाई पुढच्या दोघांनी केली. मग एकाच्या धक्क्याने दुसरं, दुसऱ्याच्या ठिणगीने तिसरं, असं सगळं पोतंच्या पोतं तडतडू लागलं. पत्र्याच्या छताला गर चिकटला. रांगेतल्या बायकांनी डोक्यावर पदर घेऊन रस्ता गाठला. यशोदाबाई मात्र पहिल्यापासूनच दूर, हौदाच्या भिंतीआड उभ्या होत्या.

"आबा," त्या भिंतीआडून म्हणाल्या, "व्हयना का पुरावा?"

जाळ शांत झाल्यावर जे वांग्यांच्या आत उरलं होतं तेवढं सोललं, ठेचलं, मोजलं. काट्यावर साडेसात किलो भरलं. आबांनी चष्मा पुसून काटा पुन्हा पाहिला. वहीत 'प्राप्त' खाली पंचवीस होते, 'परत' खाली साडेसात. चौतीस वर्षांत अशी नोंद त्यांनी केली नव्हती.

"यशोदाबाई, साडेसतरा किलोची घट! मी तक्रार करीन."

यशोदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून कागद काढला. "तुम्हना कागद शे ना मनाजोडे."

आबांनी तो हातात घेऊन दोनदा वाचला. लोकांच्या पावत्यांतली पळवाट ते चष्म्याशिवाय शोधत. इथं चष्मा लावूनही सापडेना. कागद अगदी पक्का होता, आणि इतक्या सगळ्या गोंधळातही आपण काय चांगलं लिहितो, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात रुपचंदांना मार्ग सुचला. "आबा, रांगेतल्या लोकांकडून एकेक डाव मागू की. नेहमी देतातच."

ते पातेलं घेऊन रांगेतून फिरले. पहिली बाई म्हणाली, "मिसळायचं नाही म्हणे, भाऊ." दुसरा म्हणाला, "तुमच्या वांग्यांत कीड असली तर?" तिसऱ्याने आपल्या वांग्यांवरचे आकडे दाखवले आणि अकरा नंबरशिवाय आपला हिशेब लागणार नाही असं सांगितलं. रुपचंद रिकाम्या हाताने परत आले.

"आज सकाळपावत बठ्ठा एकमेकले देत व्हतात, आबा," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता आणि तेच आबांना जास्त लागलं.

साडेबारा वाजता रिक्षा समाजमंदिरापाशी थांबली. पटांगणात पंगत मांडली होती. पन्नास माणसं घरून पोट रिकामं ठेवून आली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचा ढीग तयार होता. आबा पातेलं घेऊन उतरले आणि कोणाच्या नजरेला नजर न देता थेट चुलीपाशी गेले. तिथं झुंबरबाई एका मोठ्या तपेल्यात डाव फिरवत होत्या. काळ्या मसाल्याचा रस्सा रटरटत होता आणि शेजारी तिखट शेवेची पिशवी होती.

"हे काय?"

"शेवभाजी. पन्नास माणसांची."

"तू कधी केलीस?"

"तुम्ही वाफेचा पुरावा मागितला ना, तेव्हाच वाटण घातलं मिक्सरला." झुंबरबाईंनी पातेल्यात पाहिलं, मग आबांच्या कपाळावर वाळलेल्या गराकडे पाहिलं आणि पदराने तो पुसून काढला. आबांना त्या वेळी बायकोबद्दल इतकं प्रेम वाटलं की त्यांनी तिच्याकडे कसलाही पुरावा मागितला नाही.

पंगत बसली. प्रत्येकाच्या ताटात भरीत आलं ते चटणीएवढं. शेवभाजी मात्र भरपूर होती आणि फर्मास होती. लोकांनी तीन-तीनदा वाढून घेतली, घाम पुसला, झुंबरबाईंचं तोंडभर कौतुक केलं. आबांचा जीव भांड्यात पडला. खिशात दोन पानांचं अध्यक्षीय भाषण होतं, त्याच्यावरून त्यांनी हळूच हात फिरवला. एक-दोन वाक्यांत सकाळचा विषय टाळावा लागेल, बाकी सगळं चालण्याजोगं होतं.

हात धुऊन झाल्यावर रुपचंद उभे राहिले. डागाळलेला शर्ट त्यांनी बदलला नव्हता.

"आबा, राग मानू नका. अध्यक्षपदाच्या आधी एक विषय घ्यायचा आहे."

"घ्या ना."

"तुम्हीच शिकवलंय, गप्प बसू नका म्हणून. आम्ही साठ-साठ रुपये भरले ते भरिताचे. ताटात आली शेवभाजी."

"जाहिरात एकाची, माल दुसराच," मागून कोणीतरी म्हणालं.

"आणि पावतीवर 'माणशी अर्धा किलो' लिहिलंय," पुढच्या रांगेतल्या दिपमाला म्हणाल्या. त्या शिक्षिका होत्या आणि त्यांनी पावती जपून ठेवली होती. "शेवभाजी छान होती हं झुंबरताई. पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

आबांनी सभेकडे पाहिलं. पन्नास माणसं. तीन महिन्यांपूर्वी यांतल्या एकालाही पावती मागायची लाज वाटायची. आज सगळे सरळ बसून, डोळ्याला डोळा भिडवून हक्क मागत होते. एका बाजूला आबांचं काळीज चर्र झालं, आणि दुसऱ्या बाजूला छाती भरून आली. कोणतं जास्त झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"तक्रार लेखी आहे का?" त्यांनी विचारलं.

रुपचंदांनी चतकोर कागद पुढे केला. आबांनी वाचला: 'आदरणीय आबा, सप्रेम नमस्कार. आज भरीत थोडे कमी पडले. तरी आपण मोठे आहात. काही जमल्यास बघावे, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.'

आबांची कानशिलं तापली.

"रुपचंद! ही तक्रार आहे की साखरपुड्याचं आमंत्रण? तारीख कुठंय? वेळ, ठिकाण? किती भरीत ठरलं, किती मिळालं, फरक किती? मागणी काय आहे तुमची? 'काही जमल्यास बघावे'? अशा तक्रारीवर समोरचा माणूस हसेल आणि झोपी जाईल!"

"पण समोरचा माणूस तुम्हीच..."

"तो कोणी का असेना! द्या इकडे कागद."

आबांनी सतरंजीवर बैठक मारली, वही मांडीवर घेतली, पानाखाली कार्बन घातला आणि समास सोडला. 'विषय: सेवेतील गंभीर त्रुटीबाबत.' पेन झरझर चालू लागलं. अर्जदार पन्नास, गैरअर्जदार पितांबर सुरवाडे. कबूल माल पंचवीस किलो, प्रत्यक्षात साडेसात. तज्ज्ञ व्यक्तीने तोंडी इशारा देऊनही गैरअर्जदाराने तो धुडकावला. घरातील अनुभवी व्यक्तीने सकाळी सात वाजता सावध केले होते, तिकडेही दुर्लक्ष केले. सबब हा केवळ निष्काळजीपणा नसून अहंकार आहे. लिहिता लिहिता आबांना त्या गैरअर्जदाराचा मनापासून राग येऊ लागला. मागण्यांमध्ये त्यांनी वर्गणीची रक्कम परत मागितली, मानसिक त्रासाची भरपाई मागितली, रुपचंदांच्या शर्टाची धुलाई मागितली. कुठं थांबावं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. चौथी मागणी त्यांनी एका दमात लिहून टाकली: 'अशा बेजबाबदार इसमास मंडळाचे कोणतेही पद देण्यात येऊ नये.'

पूर्णविराम दिला आणि पेन थांबलं.

आबा त्या ओळीकडे बघत राहिले. खिशातलं भाषण छातीला टोचत होतं. रुपचंदांनी खांद्यावरून वाकून ती ओळ वाचली आणि त्यांचेच डोळे पाणावले.

"आबा, एवढी एक ओळ खोडा. आम्ही मागितलीच नाही ती."

"खोडा हो," दिपमालाही म्हणाल्या. "कोणाचं काही म्हणणं नाही."

आबांनी पेनाचं टोक त्या ओळीवर नेलं. मग त्यांनी मान हलवली.

"खाडाखोड केलेला अर्ज टिकत नाही," ते म्हणाले, "आणि मुद्दाही बरोबर आहे."

त्यांनी कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात पळवाट कुठंच नव्हती. पन्नास जणांच्या सह्या झाल्यावर त्यांनी तो स्वतःकडे घेतला, खाली 'मिळाला' असं लिहून तारीख आणि वेळ घातली, सही केली आणि पोच म्हणून एक प्रत रुपचंदांच्या हातात ठेवली. रुपचंद ती धरून नुसते उभे राहिले. आता पुढे काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आता पंधरा दिवस थांबायचं," आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ठणकावून सांगितलं. "तेवढ्यात मी उत्तर दिलं नाही, तर मला सोडू नका."